अन्न रोग्याला की रोगाला?

घरातील एखाद्याला कर्करोग झाल्याचे कळले, की औषधांच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक यादी घरात तयार होऊ लागते. साखर बंद, दूध बंद, अंडी-मासे बंद, रात्रीचे जेवण बंद, सकाळी अमुक पाल्याचा रस. ही यादी बहुधा डॉक्टरांनी दिलेली नसते. शेजारी, नातेवाईक, कोणीतरी वाचलेले एखादे पुस्तक अशा वाटांनी ती घरात येते. तिच्यामागचा तर्क साधा आहे : गाठ वाढते म्हणजे तिला अन्न मिळते, तेव्हा अन्न तोडा, गाठ सुकेल.

शिक्षकांना हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. गावातला विज्ञान शिकलेला माणूस म्हणून पालक त्यांच्याकडे येतात. कधी वर्गातलाच एखादा मुलगा रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार घेऊन परतलेला असतो आणि त्याच्या डब्यात काय असावे यावर घरात एकमत नसते. हा प्रश्न केवळ चर्चेपुरता नाही. उपचारांच्या काळात माणूस किती खाऊ शकतो, यावर उपचार पुरे होणार की अर्धवट राहणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

गाठीची उपासमार करण्याची कल्पना वेडगळ म्हणून झटकून टाकण्यासारखी मात्र नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नामवंत प्रयोगशाळांनी ती गांभीर्याने घेतली आणि प्रयोगांनी तपासून पाहिली. त्यातून काय हाती आले आणि आजचा सल्ला कसा घडत गेला, हा इतिहास आम्ही या लेखात मांडत आहोत. त्यातले एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या मुंबईत, परळला घडले आहे.

उंदरांची उपासमार

सन १९०९ मध्ये कार्लो मोरेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने उंदरांच्या अंगात गाठीचे तुकडे रुजवले आणि उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना कमी-अधिक अन्न दिले. ज्यांना कमी अन्न मिळाले त्यांच्या गाठी लहान राहिल्या. सन १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील पेटन राऊस यांनी असेच प्रयोग अधिक काळजीपूर्वक केले. कोंबड्यांतील एक प्रकारचा कर्करोग विषाणूमुळे होतो असे १९११ मध्ये दाखवणारे आणि त्यासाठी तब्बल ५५ वर्षांनी, १९६६ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळालेले ते हेच राऊस. अन्न तोडल्याचा परिणाम त्यांनाही दिसला. पण तो सगळ्या गाठींवर सारखा नव्हता.

पुढे १९४० च्या दशकात शिकागोच्या अल्बर्ट टॅनेनबॉम यांनी या प्रश्नाची आणखी फोड केली. गाठ निर्माण होण्याआधीपासूनच उंदरांना कमी उष्मांकांचा आहार दिला, तर पुढे गाठी होण्याचे प्रमाण घटते असे त्यांनी दाखवले. गाठ ‘होणे’ आणि झालेली गाठ ‘वाढणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रयोगांतला मोलाचा धडा होता. आज आपल्याला ठाऊक आहे की माणसातही अतिरिक्त चरबी आणि कर्करोग यांचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांच्या बाबतीत तो मान्य केला. पण हा धोका टाळण्याचा विचार झाला. रोग झाल्यावर, उपचार चालू असताना काय खावे, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तरही निराळे आहे.

शिवाय उंदीर म्हणजे लहान माणूस नव्हे. त्याचे शरीर इतके छोटे आणि चयापचय इतका वेगवान, की एक-दोन दिवसांच्या उपासातच त्याचे वजन लक्षणीय घटते. प्रयोगात रुजवलेली गाठ त्याच्या शरीराच्या मानाने फार मोठी होऊ शकते. माणसात बहुतेक गाठी देहाच्या वजनाच्या तुलनेत किरकोळच असतात. किरकोळ वजनाच्या गाठीला उपाशी ठेवायचे म्हणून सगळे शरीर उपाशी ठेवायचे, तर आधी कोण हरेल हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

कोंबडीचे दोन पंख

साखरेवरचा आक्षेप जरा वेगळ्या घराण्यातला आहे. बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात गाठींचे पातळ काप घेऊन त्यांचा श्वसनक्रम मोजला. सामान्य पेशी ऑक्सिजन असताना ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करतात; ऑक्सिजन अपुरा पडला तरच ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करून थोड्या ऊर्जेवर वेळ भागवतात. जोरात धावल्यावर आपल्या स्नायूंत हेच घडते. गाठीच्या पेशी मात्र ऑक्सिजन भरपूर असतानाही लॅक्टिक आम्ल तयार करत होत्या आणि त्यासाठी ग्लुकोज भराभर खर्च करत होत्या.

ही गोष्ट काचेच्या भांड्यात दिसली. जिवंत प्राण्यात काय? त्याचे उत्तर १९२५ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहरात कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने दिले. त्यांनी एका पंखावर राऊस यांनी शोधलेली गाठ असलेल्या कोंबड्या घेतल्या आणि दोन्ही पंखांतून परतणारे रक्त तपासले. गाठ असलेल्या पंखाकडून येणाऱ्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त होते. दुसरा पंख त्याच कोंबडीचा असल्यामुळे तुलना अगदी चोख झाली. एकाच प्राण्यावर प्रयोग आणि नियंत्रण दोन्ही करण्याचे हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

तेव्हा गाठीला ग्लुकोज फार लागते हे खरेच आहे. पेट स्कॅन या तपासणीत किरणोत्सर्गी खूण जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचतात. जिथे ते जास्त जमते तिथे गाठ असण्याचा संभव असतो. म्हणजे वारबुर्ग यांच्या निरीक्षणाचा उपयोग आज रोज होतो. मग साखर बंद केली की गाठ उपाशी राहील, असे का म्हणू नये?

कारण ग्लुकोज रक्तात येते ते केवळ साखरेच्या डब्यातून नव्हे. भात, भाकरी, फळे या सगळ्यांतून ते येते. काहीच खाल्ले नाही तरी यकृत रक्तातली ग्लुकोजची पातळी राखते. निरोगी माणसात उपाशीपोटीही ती दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम असते. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि त्याची सोय शरीराला करावीच लागते. यकृतात साठवलेले ग्लायकोजन एखाद्या दिवसात संपते. मग स्नायूंतील प्रथिने मोडून, त्यांतील अमिनो आम्लांपासून यकृत ग्लुकोज बनवते. गाठीने तयार केलेले लॅक्टिक आम्लसुद्धा यकृत पुन्हा ग्लुकोजमध्ये बदलते. या चक्राला कोरी दांपत्याचेच नाव आहे. १९४७ च्या नोबेल पारितोषिकात त्या दोघांचा वाटा होता.

स्नायू मोडताना ग्लुटामिन नावाचे अमिनो आम्लही सुटते आणि पुष्कळ गाठी त्यावरही गुजराण करतात. म्हणजे उपाशी राहिलेला माणूस गाठीची रसद तोडत नाही. ती बाजारातून आणण्याऐवजी तो स्वतःच्या दंडातून आणि मांडीतून पुरवतो, एवढेच. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साखरेवर नियंत्रण ठेवायलाच हवे. पण ते मधुमेहासाठी.

परळमधला रक्तक्षय

आता आपण १९२८ सालच्या मुंबईत येऊ. त्या वर्षी लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर भारतात आल्या. गिरण्यांच्या या शहरात गरोदर स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा तीव्र रक्तक्षय होत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. अनेक स्त्रिया त्यात दगावत. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केले. रोगी स्त्रियांची राहणी, काम आणि आहार यांची त्यांनी बारकाईने पाहणी केली. रोग गरीब घरांत, विशेषतः गरीब मुस्लिम स्त्रियांत, अधिक होता. जंतूचा पुरावा मिळेना. संशय आहारावर आला.

विल्स यांनी उंदरांना या स्त्रियांसारखाच आहार दिला. उंदरांना रक्तक्षय झाला. आहारात यीस्ट घातले की तो टळत असे. प्रश्न सुटला असे वाटत असतानाच कळले, की उंदरांचा रक्तक्षय उवांमार्फत पसरणाऱ्या एका जंतूमुळेही होतो. मग विल्स यांनी माकडांकडे मोर्चा वळवला. माकडांवरच्या प्रयोगात मार्माइटचा चांगला गुण दिसला. मार्माइट म्हणजे बीअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टचा खारट, काळपट, दाट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. तोच अर्क रोगी स्त्रियांना दिल्यावर त्यांच्या रक्तात झपाट्याने नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. हा निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मार्माइटमधले नेमके कोणते द्रव्य काम करते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. त्याला ‘विल्स घटक’ असेच म्हणत. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालक वापरून त्यातून एक द्रव्य थोड्या प्रमाणात वेगळे केले. पानातून मिळाले म्हणून लॅटिनमधल्या ‘फोलियम’, म्हणजे पान, या शब्दावरून त्याचे नाव ठेवले फॉलिक आम्ल. विल्स घटक तो हाच. आज गरोदर स्त्रियांना आरोग्य केंद्रात लोहाबरोबर फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात, त्यांचा उगम असा परळच्या एका प्रयोगशाळेत आहे.

आता या कथेचा कर्करोगाशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध फार जवळचा आहे.

जीवनसत्त्व आणि त्याचा तोतया

पेशी दुभंगायची तर आधी तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत करावी लागते. त्या कामात फॉलिक आम्ल लागते. ज्या पेशी सतत दुभंगतात त्यांना त्याची टंचाई आधी जाणवते. अस्थिमज्जेत दर क्षणाला लाखो तांबड्या पेशी बनत असतात, म्हणून फॉलिक आम्ल कमी पडले की पहिला परिणाम रक्तावर दिसतो. विल्स यांच्या रोग्यांत हेच घडत होते.

न्यूयॉर्कजवळील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवण्याचे काम १९४५ च्या सुमारास यशस्वी झाले. त्या चमूचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले, मद्रासला वैद्यक शिकलेले आणि १९२३ मध्ये अमेरिकेला गेलेले हे संशोधक. त्यांच्या भावाचा बळी स्प्रू या आजाराने घेतला होता. त्या आजारात आतड्याला अन्न शोषता येत नाही, आणि त्यावरच्या उपचारात पुढे फॉलिक आम्लाचा उपयोग झाला.

याच वेळी बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ रक्ताच्या कर्करोगाने मरणारी मुले पाहत होते. त्या वेळी या रोगावर औषध नव्हते. निदानानंतर मूल काही आठवडे किंवा महिने जगे. फॉलिक आम्लाने उंदरांच्या गाठी कमी झाल्याचे वृत्त न्यूयॉर्कहून आले होते. म्हणून फार्बर यांनी लेडर्लीकडून फॉलिक आम्लाची काही संयुगे मिळवून ती आजारी मुलांना दिली. जे अपेक्षित होते त्याच्या उलट झाले. मुलांच्या मज्जेत रोग अधिक जोर धरत असल्याचे फार्बर यांना दिसले.

इथे फार्बर यांनी तर्क उलटा फिरवला. हे जीवनसत्त्व रोगट पेशींना बळ देत असेल, तर त्या पेशींना ते मिळू न देणारे द्रव्य हवे. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत अशी द्रव्ये तयार होती. रचनेत फॉलिक आम्लासारखी दिसणारी, पण त्याचे काम न करणारी. पेशी फसते, तोतयाला जागा देते आणि तिचे दुभंगणे थांबते. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे द्रव्य फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीपासून मुलांना दिले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात १६ मुलांची हकीकत आहे. त्यांपैकी १० मुलांत सुधारणा झाली. ती तात्पुरती होती, रोग परत आला. पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटतो हे प्रथमच स्पष्ट दिसले. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी वारले.

अमिनोप्टेरिनचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ली आणि हर्ट्झ यांनी त्याच्या साहाय्याने गर्भाशयातील एका दुर्मिळ कर्करोगाची स्त्री-रोगी बरी केली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील औषधांत मेथोट्रेक्सेटला आजही स्थान आहे. त्या रोगाच्या सर्वांत आढळणाऱ्या प्रकारात, सुसज्ज रुग्णालयांत, आज दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

मग फॉलिक आम्ल शत्रू ठरले का? तसेही नाही. मेथोट्रेक्सेट फक्त रोगट पेशींना ओळखत नाही. मज्जा, तोंडाचे अस्तर, आतड्याचे अस्तर, जिथे जिथे पेशी भराभर दुभंगतात तिथे ते घाव घालते. तोंड येते, गिळवत नाही, जुलाब होतात. म्हणून मोठी मात्रा दिल्यावर ठरावीक तासांनी फॉलिनिक आम्ल, म्हणजे त्याच जीवनसत्त्वाचे एक तयार रूप, देऊन निरोगी पेशींना वाचवतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत ही पद्धत रुजली. पुढे २००४ मध्ये मान्यता मिळालेले पेमेट्रेक्सेड हे औषधही फॉलिक आम्लाच्या वाटेतच आडवे येते. त्याच्या चाचण्यांत काही रोग्यांना जीवघेणा त्रास झाला. तपासात दिसले, की ज्यांच्या शरीरात ही जीवनसत्त्वे कमी त्यांना त्रास अधिक. तेव्हापासून हे औषध देण्याआधीच फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शने सुरू करतात.

एकच जीवनसत्त्व, पण एका औषधाबरोबर मनाने घेतले तर घातक ठरू शकणारे, दुसऱ्या औषधाबरोबर न घेतले तर घातक. ‘अमुक पदार्थ कर्करोगाला चांगला की वाईट’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास का ठेवू नये, हे यावरून कळावे. यातून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. पालक, मेथी, डाळी असे रोजचे अन्न डॉक्टरांनी वर्ज्य सांगितले नसेल तर आपल्या मनाने वर्ज्य करू नये. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, ‘ताकदीची’ पावडर, काढे हे अन्न नव्हे. ते घेण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

विल्स यांची हाफकिन संस्था आणि १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय या दोन्ही वास्तू परळला एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकीत ज्या द्रव्याचा माग लागला, त्याच्या तोतयाने दुसरीत मुलांवर उपचार होतात.

माणूस खंगतो कशाने?

कर्करोगात माणूस खंगतो हे ग्रीक वैद्यांनाही माहीत होते. या अवस्थेला वैद्यक आजही कॅकेक्सिया म्हणते. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘वाईट अवस्था’. १९३२ मध्ये बॉस्टनच्या शील्ड्स वॉरन यांनी कर्करोगाने दगावलेल्या ५०० जणांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास केला. सुमारे पाचव्या हिश्श्याच्या बाबतीत मृत्यूचे तात्कालिक कारण खंगणे हेच होते. १९८० मध्ये अमेरिकेतच डीवीस आणि सहकाऱ्यांनी ३,०४७ रोग्यांची माहिती तपासली. औषधोपचार सुरू होण्याआधी ज्यांचे वजन घटले होते ते, वजन टिकवलेल्यांच्या तुलनेत, कमी काळ जगले.

मग नुसते भरपूर अन्न दिले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. तेही करून पाहण्यात आले. १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली डुड्रिक यांनी सगळे पोषण मोठ्या शिरेतून देण्याची पद्धत सिद्ध केली. आधी ती बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांवर यशस्वी झाली, मग आतडे निकामी असलेल्या तान्ह्या मुलीवर. १९७० च्या दशकात ही पद्धत कर्करोगाच्या रोग्यांना उत्साहाने लावली गेली. पण तुलनात्मक चाचण्यांचे निकाल निराशाजनक होते. सरसकट सर्वांना असे पोषण दिल्याने आयुष्य वाढले नाही. उलट जंतुसंसर्ग वाढले. १९८९ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने केमोथेरपीच्या रोग्यांना ते सरसकट देऊ नये असे सांगितले. ज्यांचे आतडे चालतच नाही अशांसाठी मात्र ते आजही जीवदान आहे.

असे का व्हावे? उपासात शरीर काटकसर करते. काही दिवसांनी ते चरबी जाळू लागते आणि स्नायू शक्य तेवढे राखते. कॅकेक्सियात ही काटकसर दिसत नाही. स्नायूही झिजतात, चरबीही जाते, आणि भूक मरते. न्यूयॉर्कमध्ये १९८५ मध्ये सेरामी आणि बॉयटलर यांनी शरीरातच बनणारे एक प्रथिन शुद्ध केले आणि त्याला कॅकेक्टिन नाव दिले. ते गाठींवर परिणाम करणारे म्हणून १९७५ पासून ठाऊक असलेलेच प्रथिन निघाले. त्यानंतर अशा संदेशवाहक द्रव्यांची यादी वाढत गेली आहे. म्हणजे खंगणाऱ्या रोग्याला ‘मनावर घे आणि खा’ असे रागावणे अन्यायाचे आहे. त्याची भूक मारणारे संदेश त्याच्या रक्तात फिरत असतात. भूक वाढवणाऱ्या अ‍ॅनामोरेलिन या औषधाला जपानने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे आणि इतर औषधांच्या चाचण्या चालू आहेत. परंतु एकदा पूर्ण खंगलेल्या शरीराला परत उभे करणे आजही फार अवघड आहे. म्हणून वजन घसरू लागताच, पहिल्या महिन्यातच, लक्ष द्यायचे असते. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटणे ही धोक्याची खूण मानतात. ५० किलोच्या माणसात हे फक्त अडीच किलो होतात.

पुन्हा ताटाकडे

सगळ्यांत साधा प्रयोग सगळ्यांत उशिरा झाला. पोर्तुगालमधील लिस्बन येथे पाउला रवास्को यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १११ रोग्यांचे ३७-३७ चे तीन गट केले. पहिल्या गटाला आहारतज्ज्ञाने प्रत्येकाची आवड, त्रास आणि घरचे जेवण पाहून नेहमीच्याच पदार्थांतून काय व कसे खावे ते समजावले. दुसऱ्याला नेहमीच्या जेवणाबरोबर प्रथिनांचे डबाबंद पेय दिले. तिसऱ्याला हवे ते खाऊ दिले. उपचार संपून तीन महिने झाल्यावर पहिल्या गटाचाच आहार टिकून होता आणि त्यालाच त्रास सर्वांत कमी होता. हा निष्कर्ष २००५ चा. महागड्या डब्यांपेक्षा घरच्या स्वयंपाकाविषयी नीट दिलेला सल्ला सरस ठरला.

कच्च्या अन्नाचा प्रश्नही असाच तपासला गेला. औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात तेव्हा जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून कच्ची फळे-भाज्या पूर्ण बंद करण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. २००८ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाच्या १५३ रोग्यांपैकी काहींना फक्त शिजवलेले आणि इतरांना कच्ची फळे-भाज्यांसह अन्न देऊन पाहिले. गंभीर संसर्गाचे प्रमाण पहिल्या गटात २९ टक्के आणि दुसऱ्यात ३५ टक्के आले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. यातून फळे उघड्यावर कापून खावीत असे निघत नाही. हात धुणे, फळे स्वच्छ पाण्याने धुऊन घरी कापणे, दूध उकळणे, अंडे पूर्ण शिजवणे, ताजे खाणे हे पाळायचेच. आणि रुग्णालयाचा स्वतःचा नियम असेल तर तोही.

युरोपातील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये केलेली शिफारस साधी आहे. दिवसाला दर किलो वजनामागे २५ ते ३० किलोकॅलरी, आणि प्रथिने १ ग्रॅमहून अधिक, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत. वजन घटत असलेल्यांनी अन्न तोडणारे कोणतेही पथ्य करू नये. वर्गात हे गणित घालावे. ५० किलोच्या माणसाला १,२५० ते १,५०० किलोकॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांत ७, वाटीभर दाट वरणात साधारण तेवढीच. मुले आपापल्या घरच्या जेवणातून ही बेरीज करतील तेव्हा त्यांना एक गोष्ट लक्षात येईल : नुसत्या पेजेवर आणि फळांच्या रसावर ती पुरी होत नाही.

खरी अडचण बेरजेची नसून घशाखाली उतरण्याची असते. तोंड आलेले असेल तर तिखट, आंबट आणि गरम नको. मऊ खिचडीत तूप आणि शेंगदाण्याचा बारीक कूट, दुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व, गार खीर असे काही उतरते. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून पाहावे. वासाने मळमळत असेल तर गरम जेवणापेक्षा कोमट किंवा गार बरे. दोन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी चार घास. ज्या वेळी बरे वाटते त्या वेळी, बहुधा सकाळी, जास्त खाऊन घ्यावे. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा विकार असेल तर या सगळ्यात डॉक्टर बदल सांगतील.

उपचारांनंतर शाळेत परतलेल्या मुलाला हे नियम वर्गातही लागू पडतात. मधल्या सुट्टीची वाट न पाहता त्याला डबा उघडू द्यावा, पाणी पिऊ द्यावे, आणि तोंड आलेले असताना तो हळू जेवतो म्हणून घंटा झाल्यावर डबा बंद करायला लावू नये. त्याच्या पालकांनी साखर-दूध बंद केल्याचे कळले, तर त्यांना कोंबडीच्या दोन पंखांची गोष्ट सांगता येईल. पुढच्या तपासणीला जाताना हा प्रश्न वहीत लिहून डॉक्टरांना विचारा, असेही सांगता येईल. तोवर मुलाच्या डब्यात रोजच्यासारखी पोळी-भाजी आणि एक उकडलेले अंडे असायला हरकत नाही.